आईने मांडलेला ठराव

माझ्या आईला नाही म्हणता यायचं नाही. पोस्टात पार्सलच्या खिडकीवर तिने सगळी नोकरी काढली, आणि खिडकी बंद व्हायच्या वेळी धापा टाकत आलेल्या प्रत्येकाचं पार्सल घेत ती जवळजवळ रोज घरी उशिरा आली. बाबा म्हणायचे, "हिच्याकडे कोणी आपलं घर मागितलं, तर ही किल्ली शोधायला लागेल." म्हणूनच मावशीने तिला आपल्या संस्थेची विश्वस्त केलं, असं माझं स्पष्ट मत आहे.

मावशी म्हणजे आईची थोरली बहीण. सगळ्यांची ताई. वयाने वाढलेल्या पण मनाने लहानच राहिलेल्या, घरच्यांना नकोशा झालेल्या माणसांसाठी तिने निवास काढला. आधी स्वतःच्या दोन खोल्यांत, मग मोठ्या इमारतीत. तिने त्यांची अंथरुणं धुतली, नखं कापली, त्यांना टाकून जाणाऱ्या नातेवाइकांच्या दारात जाऊन भांडणं केली. तिच्या कामाला मी नावं ठेवली तर माझी जीभ झडेल. पण संस्था चालवायची तिची रीत मात्र अशी होती की सांगायची सोय नाही.

विश्वस्तांची बैठक कधी व्हायचीच नाही. मावशी बैठकीचा वृत्तान्त आधीच लिहून टाकायची, कोण काय बोललं, कोणी अनुमोदन दिलं, अगदी सगळं, आणि निवासाचा शिपाई तो घेऊन सह्यांसाठी घरोघर फिरायचा. आमच्याकडे आला की आई ओले हात पुसून सही करायची. एकदा मी तो कागद वाचला, तर त्यात आईने न्हाणीघरांच्या दुरुस्तीबद्दल 'परखड मत' मांडलं होतं. माझ्या आईने! मी हसत सुटले. आई कौतुकाने म्हणाली, "बघ, ताई मला किती छान बोलायला लावते."

बाकीचे विश्वस्त म्हणजे एक डॉक्टर, एक वकील आणि एक कापडवाले. तिघंही होयबा. माणसं वाईट नव्हती, उलट मावशीवर त्यांचा फार जीव, आणि तीच अडचण होती. कोणी काही विचारायला तोंड उघडलं की मावशी म्हणायची, "आपण घरचीच माणसं ना?" घरच्या माणसांनी मग तोंड मिटायचं.

आई निवृत्त झाली त्या वर्षी एका मोठ्या देणगीदारांनी विश्वस्तांसाठी शिबिर ठेवलं. मावशीला असल्या गोष्टींचा कंटाळा. ती आईला म्हणाली, "तू जा गं. चहापाणी असतं, तेवढाच तुझा वेळ जाईल." आई गेली. तिथे शिकवणाऱ्या बाईंनी सगळ्यांना विचारलं, "तुमच्या अध्यक्षांना तुम्ही शेवटचं 'नाही' कधी म्हणालात?" सगळे हसले म्हणे. आई घरी आली. जेवताना एकदम मला म्हणाली, "अगं, मी तिथे नक्की कशाला आहे?"

हा प्रश्न तिच्या मनातून गेला नाही. त्याला कारणही होतं. मावशी विसरायला लागली होती. वकिलांना त्यांच्या वडिलांच्या नावाने हाक मारायची, दुपारी जेवून उठली की पुन्हा पानावर बसायची. आणि निवासातल्या माणसांना संध्याकाळचं औषध आपल्याच हाताने द्यायचं, हा तिचा पहिल्यापासूनचा हट्ट. आईने धीर करून तीन गोष्टी मागितल्या. बैठक खरोखरची बसून व्हावी. मावशीच्या हाताखाली कोणीतरी कामात तयार व्हावं. औषध देताना दोन माणसं असावीत.

मावशी आधी हसली. "पार्सलं तोलणारी आता मला नियम शिकवणार!" मग तिचे डोळे भरले. "तुझासुद्धा माझ्यावर विश्वास राहिला नाही?" झालं. आई विरघळली. तीन वाक्यं कशीबशी जमवली होती, ती गिळून म्हणाली, "तसं नाही गं ताई. राहू दे, पुढच्या वेळी बघू."

पुढची वेळ यायच्या आत इन्स्पेक्टर गेला.

इन्स्पेक्टर म्हणजे निवासातला पन्नाशीचा एक माणूस. दिवेलागणीला इमारतीतलं एकेक दार ओढून बघायचा, आणि बंद असलं की दाराला शाबासकी द्यायचा, म्हणून ते नाव. आईचा तो फार लाडका. ती निवासात आली की तिची पर्स काखेत धरून तिच्यामागे फिरायचा. एका सकाळी तो उठलाच नाही. विश्वस्तांतल्या डॉक्टरांनी दाखल्यावर लिहिलं, हृदय बंद पडलं. पण आदल्या संध्याकाळी झोपेचं औषध मावशीने त्याला दोनदा दिलं होतं. एकदा वेळेवर, आणि थोड्या वेळाने पुन्हा. आधीच त्याचा श्वास अधू. तिथल्या सेविकेने दोन्ही वेळा डोळ्यांनी पाहिलं होतं. तिने रडत रडत आईला सांगितलं, तेव्हा आईने विचारलं, "मग तू अडवलं का नाहीस?"

ती म्हणाली, "ताईंना कोण अडवणार, बाई? तुम्ही तरी अडवलं का?"

आई दोन दिवस जेवली नाही. तिसऱ्या दिवशी तिने स्वतः फोन करून सगळ्या विश्वस्तांना बोलावलं. मी तिला गाडीने नेलं. वाटेत मी माझं शहाणपण पाजळलं: आपलेच दात आणि आपलेच ओठ, घरातलं घरात ठेव, मेलेला माणूस काही परत येत नाही. ती म्हणाली, "त्याला घर नव्हतं म्हणून तो आपल्याकडे होता. आता आपणही घरातलं घरात म्हणायचं?"

बैठकीच्या खोलीचं दार उघडं होतं, मी बाहेरच्या बाकावर. कापडवाले म्हणत होते, "झाकली मूठ सव्वा लाखाची. बाहेर कळलं तर निवासाला टाळं लागेल. बाकीच्यांनी जायचं कुठे?" त्यांचं तरी काय चुकत होतं? डॉक्टर खाली बघत होते. मावशी अध्यक्षांच्या खुर्चीत ताठ बसली होती.

आई उभी राहिली. तिने दोन गोष्टी मागितल्या. जे झालं ते त्याच्या भावाला आणि सरकारी कचेरीला खरं खरं कळवायचं. आणि ताईने आजपासून पद सोडायचं. "हा ठराव मी मांडतेय. पण ती माझी सख्खी बहीण आहे. मत मी देणार नाही. नियमाने मी इथे बसायलाही नको."

वकील घाबरले. "अहो, तुम्ही बाहेर गेलात तर आत बोलणार कोण?"

"तेच तर बघायचंय," आई म्हणाली, आणि माझ्याशेजारी येऊन बसली. दार लावून घेतलं गेलं.

माझा हात तिने असा धरला होता की बोटं दुखायला लागली. आत बराच वेळ कोणी बोलेना. मला वाटलं, पडला हिचा ठराव, बहीणही गेली आणि हातीही काही नाही. मग दाराआडून डॉक्टरांचा आवाज आला, पडलेला. "मी खोटं लिहिलं. ताई, मला माफ करा. ठरावाला माझं अनुमोदन आहे." त्यानंतर वकील हो म्हणाले, आणि कापडवाल्यांच्या हुंदक्यांचा आवाज आला.

मावशी बाहेर आली. आईसमोर थांबली. "मी तुला शाळेत बोट धरून नेत होते," एवढंच म्हणाली आणि निघून गेली. आई तिच्यामागे जिन्यापर्यंत धावली. मावशीने वळून पाहिलं नाही.

निवासाला टाळं लागलं नाही. चौकशी झाली, काही देणगीदार पांगले, इन्स्पेक्टरच्या भावाने आईला नाही नाही ते ऐकवलं आणि तिने ते मान खाली घालून ऐकलं. नवे व्यवस्थापक आले. बैठका समोरासमोर होऊ लागल्या, औषधाला दोन माणसं उभी राहू लागली. लोक म्हणतात, संस्था सावरली. सावरली, खरंच. पण त्याची किंमत एकट्या माझ्या आईने मोजली. मावशी फोन उचलत नव्हती, दार उघडत नव्हती. आई डबा दाराशी ठेवून यायची, दुसऱ्या दिवशी तो तसाच भरलेला असायचा. असली बहीण मला असती तर मी पुन्हा तिचं तोंड पाहिलं नसतं, पण आईची जातच वेगळी.

पुढे मावशीला एकटं राहणं अशक्य झालं, तेव्हा विश्वस्तांनी तिला निवासातच ठेवून घेतलं. त्या ठरावाच्या वेळीही आई बाहेर बसली.

आता आई रोज दुपारी तिथे जाते. मावशी कोणालाच ओळखत नाही, त्यामुळे आईला आत येऊ देते, हसते, 'या बसा' म्हणते. परवा मी बरोबर होते. आई तिला चमच्याने सूप भरवत होती. मावशी आईचा गाल कुरवाळत म्हणाली, "तुम्ही फार मायेच्या आहात हो. रोज येता. आमचं कोणी येत नाही."

"कोणीच नाही?" आईने विचारलं.

"एक धाकटी बहीण होती. तिने मला चार माणसांत उठवून बाहेर काढलं." मावशीने इकडेतिकडे पाहिलं आणि आवाज खाली आणला. "ती आली तर तिला आत सोडू नका हं. सांगा, मी नाही म्हटलंय."

आईने चमचा खाली ठेवला. मला वाटलं, आता ही सांगणार, ताई, मीच ती. मावशी तिच्या तोंडाकडे बघत वाट पाहत होती.

"नाही सोडणार," आई म्हणाली. मग तिने मावशीची हनुवटी पुसली आणि पुढचा चमचा भरला.