उजवीकडे दोन फेरे

मी सगळ्यावर लिहितो — रेशनच्या रांगेवर, शाळेच्या गळक्या छतावर, बाजारात बसणाऱ्या बायकांना सावली नाही यावर. फक्त एका विहिरीतल्या पाच मिनिटांवर खरं असं काही लिहिलं नाही. एक पान लिहिलं होतं, ते खोटं होतं. घरी आईला हे ठाऊक नाही. ज्यांच्यासोबत मोर्चात चालतो त्या दोस्तांना ठाऊक नाही. मग तुम्हालाच का सांगतोय? तुम्ही मला तोंडावर काही विचारणार नाही, म्हणून असेल.

आमच्या घरात पुस्तकं नव्हती, पत्रकं होती. वडील चळवळीतले. खाटेखाली पत्रकांचे गठ्ठे, भाकरी बांधायलाही उरलेली पत्रकंच. मी अक्षरं शिकलो ती त्यांच्या मथळ्यांवरून. त्यामुळे एक सवय लवकर लागली — जगाला दोन बाजू असतात आणि आपण बरोबर बाजूला असतो. ही सवय वाईट, असं मी अजूनही म्हणणार नाही. पण बरोबर बाजूचा माणूस घाबरला तर त्याने काय करायचं, ते त्या गठ्ठ्यांत कुठेच छापलेलं नव्हतं.

सिद्धेश्वर धरणात कुणी बुडालं की भोईवाड्यात निरोप जातो. तिथली माणसं दम धरून तळाशी जातात आणि मयत शोधून आणतात. पाण्यात त्यांच्यातली सगळ्यात तरबेज रुक्मिण, वय पस्तिशीचं. धरणाच्या पोटात जुन्या बाभळींची खोडं अजून उभी आहेत. त्यांत जाळी अडकतात, आणि ती सोडवायला खाली जाणं हे तिचं रोजचं काम. पण मयत काढायला जायचे ते पुरुषच. बाईला कुणी बोलवत नव्हतं.

आमच्या भागातले एक डॉक्टर बाहेरगावी असतात. त्यांनी कळवलं — पाण्याखाली श्वास घ्यायचे दोन संच देतो, दोन माणसं तयार करा. रेग्युलेटर कोणता हवा ते तुम्हीच वापरून बघा आणि कारणासकट एका पानावर लिहून पाठवा. रेग्युलेटर म्हणजे तोंडात धरायची ती वस्तू, जिच्यातून टाकीतली हवा ओढायची. लिहायचं म्हटल्यावर ते काम माझ्याकडे आलं. मी त्याआधी एक पत्रक काढलं — दोनपैकी एक जागा रुक्मिणची. पाणी बाई-पुरुष बघत नाही, मग आपण का बघतो? शेवटी लिहिलं की शिकायला विहिरीत पहिला मी उतरेन. ते कशाला लिहिलं? वाक्य चांगलं दिसत होतं.

रुक्मिणचा चुलत सासरा दगडू मला औंढ्याच्या हॉटेलात गाठून म्हणाला, "लेखक, माशाईलाबी एकएक पत्रक वाटा की. त्याईलाबी कळू द्या, कोन येऊन राहिलं ते."

शिकवायला वसमतचे सलीमभाई आले. बंदरावर जहाजांच्या बुडाखाली काम करून गावी परतलेले. त्यांनी दोन नमुने आणले होते. एक साधा. दुसऱ्याच्या बाजूला एक नॉब — डावीकडे फिरवला की श्वास सहज येतो, उजवीकडे फिरवला की जोर लावून ओढावा लागतो. गावच्या मोठ्या विहिरीच्या पायऱ्यांवर दोन्ही मांडले. काठावर तीसेक माणसं.

दगडू म्हणाला, "जितके पेच कमी तितकं बरं. गाळात जाम झालं तर निस्तरनार कोन?"

रुक्मिण दोन्ही तोंडात धरून खाली जाऊन आली. पदर पिळता पिळता म्हणाली, "नॉबवालं बरं हाय. उभं ऱ्हायलं तर दम येगळा लागतो, डोकं खाली करून गाळात चाचपडलं तर येगळा. ज्याचा त्यानं लावून घ्यावा."

"दोन्ही बराबर आहेत," सलीमभाई म्हणाले. "साधा मजबूत. नॉबवाला समजून घ्यावा लागतो, एवढंच."

त्यांचा एक नियम होता. आपला संच आपला जोडीदार तपासणार, आणि त्याने तपासला की आपण शंका घ्यायची नाही. माझी जोडीदार रुक्मिण. ती पाण्यात पहिली उतरली खरी, पण पत्रकातली पहिली उडी माझी होती, म्हणून लोक माझीच वाट बघत होते. तिने नॉबवाला रेग्युलेटर माझ्या तोंडात दिला, पायरीवरच दोन श्वास घ्यायला लावले.

"येतंय का बराबर?"

मी मान हलवली.

"मग याला हात लावू नका, भाऊ. म्या पुरता खोलून ठिवलाय."

मी लहानपणापासून विहिरीत पोहतो. मला पाण्याची भीती वाटेल असं मला वाटलंच नव्हतं. पण डोक्यावर पाणी असताना श्वास घेणं निराळं असतं — अंग म्हणतं, हे चुकतंय. दहाएक फूट खाली गेलो. सलीमभाई साधा रेग्युलेटर लावून माझ्या खाली उतरत होते, पाठ माझ्याकडे. माझ्याच श्वासाचा आवाज कानात मोठा होत गेला, आणि माझा हात नॉबकडे गेला. का गेला? हवा वाढवायला? हाताला नुसतं काहीतरी हवं होतं म्हणून? खरंच सांगता येत नाही. मी तो फिरवला. उजवीकडे, दोन फेरे. श्वास जड झाला. हवा बंद झाली नव्हती, हे आज कळतं. तेव्हा वाटलं की संपलो. तोंडातलं फेकलं आणि सलीमभाईंच्या खांद्यावर पाय देऊन वर आलो.

काठावरून सगळे एकदम ओरडले — काय झालं, काय झालं?

मी घाबरलो, एवढंच सांगायचं होतं. लोक हसले असते. दगडूने महिनाभर माझ्या पत्रकाची टिंगल केली असती. यापलीकडे काय झालं असतं?

मी म्हणालो, "नॉब आधीपासूनच घट्ट होता."

सलीमभाईंनी रेग्युलेटर हातात घेऊन बघितला. "उजवीकडे फिरलेला आहे खरा," ते म्हणाले. मग रुक्मिणकडे बघून, "ताई?"

"म्या खोलून देलता," ती म्हणाली. एकदाच. आणि माझ्याकडे बघितलं. मी टॉवेलने तोंड पुसत होतो. ते मी बराच वेळ पुसत राहिलो.

"दुसऱ्याचा दम बाईच्या हाती देल्यावर आजून काय व्हनार?" दगडू म्हणाला.

हे वाक्य दुसऱ्या कुठल्या गावात, दुसऱ्या कुणी म्हटलं असतं तर मी त्याच्यावर पत्रक छापलं असतं. तिथे मी गप्प होतो. माझं ते एक वाक्य आणि मग गप्प राहणं, हीच तिच्या विरोधातली साक्ष झाली — ती बोललेली, सलीमभाईंनी डोळ्यांनी बघितलेला नॉब, आणि मी, तिच्या बाजूने लिहिणारा माणूस, पुढे काहीच न बोलणारा. मग लोकांनी कुणाचं खरं मानावं?

डॉक्टरांना पान लिहिलं. साधा रेग्युलेटर द्यावा. नॉबवाला वापरून बघताना जोडीदाराच्या नजरचुकीने नॉब बंद राहिला आणि अपघात थोडक्यात टळला. नाव घातलं नाही. नाव घातलं नाही याचं त्या दिवशी मला समाधानही वाटलं होतं. साधे दोन संच आले. एक दगडूच्या पोराला, दुसरा त्याच्या मित्राला. संच उत्तम आहेत, आजवर एकदाही बिघडले नाहीत, त्यामुळे माझी निवड चुकली असं कुणी म्हणू शकत नाही. मी स्वतःला पुष्कळ दिवस हेच सांगत होतो.

बायकांच्या हक्कांवर मी त्यानंतरही लिहिलं. भाषणं केली. टाळ्या मिळाल्या.

गेल्या वर्षी धरणात एक माणूस बुडाला तेव्हा मी काठावर होतो. दगडूचा पोरगा तराफ्यावर संच चढवत होता, रुक्मिण दोर धरून उभी. तो म्हणाला, "वहिनी, पट्टा बघ बरं जरा, लागला का." तिने दोन्ही हात मागे घेतले. "मला नको सांगू. दुसऱ्याला सांग." पट्टा मग दुसऱ्याने बघितला. पोरगा खाली गेला आणि तासाभराने मयत वर आलं. जिथे सापडलं ती जागा रुक्मिणने आधीच बोटाने दाखवली होती.

पुढे काही दिवसांनी ती मला वारंगा फाट्यावर भेटली. मासे विकून परत निघाली होती, रिकामी पाटी पायाशी. गाडीला वेळ होता. तिनेच हाक मारली, तिनेच चहा सांगितला. इकडचंतिकडचं झालं आणि ती म्हणाली, "भाऊ, एक इचारू? त्या दिशी म्या खरंच उलटा फिरवला आसंल का हो?"

मी चहा ढवळत राहिलो.

"आधी वाटायचं, न्हाई, म्या खोललाच व्हता. आता तसंबी वाटत न्हाई. गॅसचं बटन तीन-तीन डाव बघते. पोरी हसतेत. आपल्याच हाताचा भरवसा गेला बघा."

आता बोलायचं होतं. तिच्याशिवाय समोर कुणी नव्हतं, दगडू नव्हता, काठावरची माणसं नव्हती. पाण्यात तरी मी घाबरलो होतो. इथे कशाला घाबरलो?

"होतं असं कधीकधी," मी म्हणालो. "मनाला लावून घेऊ नका."

म्हणजे माझ्या चुकीबद्दल मी तिला माफ केलं.

"मोठ्या मनाचे तुमी," ती म्हणाली. "दुसऱ्या कोनी लई बोललं आसतं मला." गाडी आली. पाटी डोक्यावर घेऊन ती गेली.

रुक्मिणने नॉब डावीकडे पूर्ण खोलून दिला होता. पायरीवर मी त्यातून दोन श्वास घेतले होते, आणि ते सहज आले होते. खाली गेल्यावर तो फिरवला तो मी. उजवीकडे. दोन फेरे.