बारा पावलांवरचं हरीण

माझ्या धाकट्या भावानं, आर्लननं, मारलेल्या हरणाचं मुंडकं गावातल्या बारमध्ये भिंतीवर टांगलंय. दहा टोकांची शिंगं. लोक त्याच्याखाली बिअर घेऊन उभे राहतात आणि म्हणतात, "धनुष्यानं मारलेलं पहिलंच हरीण आणि ते असलं! नशीब लागतं बाबा!" मी त्या बारमध्ये जायचं सोडलंय. माझ्या तोंडाला काही धरबंध नाही, कुणाला तरी काहीतरी बोलून बसायची.

आर्लन पन्नास वर्षांचा आहे. दुधाचा टँकर चालवतो. लग्न नाही, व्यसन नाही, कुणाशी भांडण नाही. एकच खोड, निवड करता येत नाही. बुटांचा जोड घ्यायला गेला तर दुकानदार मधे घरी जाऊन जेवून येतो. इन्ग्रिड नावाच्या मुलीला लग्नाचं विचारायला हा तीन वर्षं चांगली वेळ शोधत होता. चौथ्या वर्षी तिच्या लग्नात यानं चर्चच्या तळघरात खुर्च्या मांडल्या. बाकीचे हसतात, पण हे पोरगं जन्मतः असं नव्हतं. हे कसं झालं ते मला माहीत आहे, कारण त्या दिवशी मी तिथं होते.

आमच्या मक्याच्या शेतामागं ओकची टेकडी आहे. वर बाबांची शिकारीची खोपी आणि खोपीमागं लाकडी संडास. नोव्हेंबरात बाबा आणि त्यांचे दोस्त आठवडाभर तिथं मुक्काम ठोकायचे. बाबांचा नियम होता, आठ टोकांच्या खालचा नर मारायचा नाही. कुणी मारलाच, तर त्याची ती एवढीशी शिंगं संडासाच्या दाराला आतून ठोकायची आणि खाली तापल्या सळईनं त्याचं नाव डागायचं. मोठमोठी माणसं त्या दाराला भ्यायची.

आर्लन चौदाचा होता. बंदुकीनं पहिलाच नर मारला. शिंगं जेमतेम बोटाएवढी, एकेक टोक. पण पोराला काय त्याचं! कोपरापर्यंत रक्तानं माखलेले हात घेऊन ओरडत खोपीपाशी आला, "बाबा, मिळालं! मला मिळालं!" मी डबा पोचवायला वर गेले होते. बाबांनी शिंगांकडं पाहिलं आणि दोस्तांना म्हणाले, "अरे, ससा मारला की काय यानं?" झालं. सगळे पोट धरधरून हसले. बाबांनी तेव्हाच शिंगं कापली, दाराला ठोकली, नाव डागलं आणि म्हणाले, "रोज सकाळी बसलास की बघ. म्हणजे पुढच्या वेळी घाई करणार नाहीस." आर्लनही हसला सगळ्यांबरोबर. त्यानंतर छत्तीस वर्षं तो टेकडीवर चढला नाही. शिकारीचा आठवडा आला की दुसऱ्यांच्या पाळ्या मागून घ्यायचा आणि टँकर चालवत राहायचा.

गेल्या उन्हाळ्यात बाबांना घास गिळताना त्रास व्हायला लागला. चौऱ्याऐंशी वर्षांचं हाड, डॉक्टरकडं जायला तयार नाही. शेवटी मी गाडीत कोंबून नेलं. अन्ननलिकेत गाठ. डॉक्टरीणबाई भली होती, स्पष्ट म्हणाली, "नोव्हेंबरअखेरच्या थँक्सगिव्हिंगच्या सणापर्यंत काढतील कदाचित. जोवर घास उतरतोय तोवर आवडेल ते खाऊ घाला."

घरी आल्यावर मी विचारलं, "बाबा, काय खावंसं वाटतंय?"

"कलेजी," ते म्हणाले. "कांद्यावर परतलेली. आपल्या टेकडीवरच्या हरणाची." मग बशीकडं बघत म्हणाले, "आर्लननं आणलेली."

आर्लन समोरच बसला होता. त्याचा जेवणाचा काटा हातातच राहिला. उभ्या आयुष्यात आमच्या बाबांनी कुणाची माफी मागितलेली मी ऐकली नाही. कुणाच्या पायावर पाय पडला तरी, "पाय कशाला ठेवलास इथं?" म्हणणारा माणूस. त्यामुळं ते काय मागत होते ते मला लगेच कळलं. मला वाटलं, आर्लनलाही कळलं असेल. इथंच चुकलं माझं.

बंदुकीचा हंगाम नोव्हेंबर संपता संपता. तोवर कोण थांबतंय? धनुष्याचा हंगाम सप्टेंबरातच उघडतो. आर्लननं कप्प्यांवर दोरी फिरते तसलं आधुनिक धनुष्य घेतलं आणि परवाना काढला. त्याबरोबर मादीचाही टॅग, म्हणजे एक मादी मारायची चिठ्ठी, मिळाला. रोज कामावरून आला की गोठ्यामागं गवताच्या गठ्ठ्यावर बाण सोडायचा. महिन्याभरात वीस पावलांवरून बशीएवढ्या जागेत तीनच्या तीन बाण बसायला लागले. बाबा खिडकीतून बघत बसायचे. "कोपर खाली जातंय त्याचं," मला सांगायचे. "त्यालाच सांगा ना," मी म्हणायची. सांगायचे नाहीत.

मी आर्लनला बजावलं होतं, "हे बघ, जे पहिलं समोर येईल ते. मादी येऊ दे, पोरसवदा नर येऊ दे. तू नवशिका आहेस, तुला निवडायचा हक्क नाही. उभं राहिलं, आडवं राहिलं, जवळ आहे, सोड बाण."

पण मधे आला रॉईस. आमचा चुलतभाऊ, टेकडीवर कॅमेरे लावून हरणांचे फोटो काढतो आणि प्रत्येकाला नाव ठेवतो. बायकोचा वाढदिवस विसरेल, हरणाचं वय विसरणार नाही. फोनवर एक दहा टोकांचा नर दाखवून म्हणाला, "हा बिशप. चार वर्षं राखलाय आम्ही. आर्लन, पहिल्याच फटक्यात हा आणलास ना, तर म्हातारा उठून नाचेल. आणि ते दार आठवतंय ना? का पुन्हा नाव डागून घ्यायचंय?"

मी म्हटलं, "रॉईस, तुझी जीभ आधी त्या दाराला ठोकायला पाहिजे." तो हसला. आर्लन हसला नाही.

ऑक्टोबरच्या पहिल्या आठवड्यात मचाणाखाली मादी आली. पंधरा पावलं. बरोबर दोन पिल्लं. आर्लननं धनुष्य उचललंच नाही.

"पिल्लं होती, व्हर्ना," मला म्हणाला.

"अरे, ऑक्टोबरातली पिल्लं! आपली आपण चरतात ती! तुझ्यापेक्षा लवकर मोठी होतात!"

"नाही जमलं."

ठीक आहे म्हटलं, पोराचं मन मऊ आहे. तेव्हा बाबा अजून उकडलेला बटाटा कुस्करून खात होते. वेळ होती.

त्यानंतर आठ दिवसांनी आर्लन दुपारी घरात आला, चेहऱ्यावर कधी नव्हे ती चमक. मी समजले, मिळालं. कढई काढली. तर हा बाबांच्या खुर्चीशी जाऊन बसला आणि फोन पुढं केला. "बाबा, बघा."

व्हिडिओ होता. एक पोरसवदा नर, बेचकीसारखी दोन-दोन टोकांची शिंगं, मचाणाखाली ओकची फळं खात होता. आडवा उभा. बारा पावलं. पाच मिनिटं उभा होता आणि आमचे राजश्री धनुष्य मांडीवर ठेवून त्याचं चित्रीकरण करत होते!

"सोडला मी त्याला," आर्लन म्हणाला. "घाई नाही केली, बाबा."

बाबांनी तो व्हिडिओ शेवटपर्यंत पाहिला. मग पुन्हा लाव म्हणाले. पुन्हा पाहिला. आणि हळूच म्हणाले, "चांगला आहे. मऊ असेल."

आर्लनचा चेहरा पडला. फोन खिशात घालून तो बाहेर निघून गेला. मी मागोमाग गोठ्यात.

"लाज नाही वाटत? ते चमच्यानं जेवतायत आणि तू सिनेमे काढतोस?"

"ऐकलंस ना काय म्हणाले? मऊ असेल! अजून टोमणे मारतायत. छत्तीस वर्षं झाली, अजून!"

"टोमणा नव्हता तो, गाढवा."

"तुला नाही माहीत त्यांचा टोमणा कसा असतो. तुझं नाव नाहीये दारावर." त्यानं माझ्याकडं पाठ फिरवली. "ते मरणार आहेत, व्हर्ना. शेवटचं हरीण आणणार मी त्यांच्यासाठी. बोटाएवढ्या शिंगांचं आणू? तेच डोळ्यांसमोर ठेवून जातील ते."

मी बोलले ते भलतंच बोलले. "मग बस तुझ्या बिशपची वाट बघत, इन्ग्रिडची बघितलीस तशी." आजही ते आठवलं की स्वतःच्या थोबाडीत मारून घ्यावीशी वाटते.

आता माझंही ऐका, कारण सगळं त्याच्यावर ढकलून मी मोकळी होणार नाही. त्याच आठवड्यात रॉईसनं आमच्याच टेकडीवर मादी मारली आणि कलेजी पिशवीत घालून माझ्या दारात आला. "घे, म्हाताऱ्याला करून घाल. आर्लनची म्हणून सांग, कुणाला कळतंय?" ताजी, गडद, अजून ऊन होती. आणि मी ती परत पाठवली. म्हटलं, बाबांनी आर्लनच्या हातची मागितलीय, मी मरणाऱ्या माणसाला फसवणार नाही. मोठी आली सत्यवचनी! भावाला निवडतोस म्हणून शिव्या घालत होते आणि मीसुद्धा दारात आलेलं परत लावून देत होते.

ऑक्टोबर संपला. बटाटा बंद झाला, मग लापशी बंद झाली. बाबा रस्सा प्यायचे, तोही गाळून. आर्लननं रजा टाकली आणि उजाडल्यापासून मावळेपर्यंत झाडावर बसायला लागला. आणखी दोन माद्या सोडल्या, एक सहा टोकांचा सोडला. मी विचारणं बंद केलं. हातचं सोडून पळत्याच्या पाठी लागू नये हे आमच्याकडं शेंबडं पोरही जाणतं, पण त्याला ऐकवून उपयोग नव्हता.

नोव्हेंबरच्या सहा तारखेला, नर माजावर आलेले असताना, बिशप एका मादीमागं धावत मचाणाखाली आला. आर्लननं बाण सोडला. बाण अगदी जिथं बसायला हवा तिथं बसला. साठ पावलं पळून हरीण पडलं.

रॉईसच्या ट्रकमधून ते अंगणात आणलं. शेजारीपाजारी जमले, पाठीवर थापा, फोटो. आर्लन कुणाकडं न बघता कलेजी घेऊन थेट स्वयंपाकघरात आला. कोपरापर्यंत रक्त. चौदाव्या वर्षी होतं तसंच.

"कर ना पटकन," मला म्हणाला.

मी कांदा परतला. कलेजीचे पातळ काप केले. माजावरच्या नराची कलेजी उग्र असते, घरभर वास सुटला. बाबांनी डोळे उघडले. त्यांना दोन दिवस पाणीसुद्धा उतरत नव्हतं, चमच्यानं ओठ ओले करत होतो. मी नखाएवढा तुकडा त्यांच्या जिभेवर ठेवला. त्यांनी तो तोंडात धरला, बराच वेळ धरला. गिळायचा प्रयत्न केला आणि ठसका लागला. मी बोट घालून तुकडा बाहेर काढला.

आर्लन वाकून म्हणाला, "बाबा, दहा टोकं आहेत."

बाबांनी मान हलवली. मग अगदी बारीक आवाजात विचारलं, "त्या लहानग्याचं काय झालं?"

"कुठला लहानगा?"

"बारा पावलांवरचा."

बाबांनी त्याचा रक्ताळलेला हात धरला आणि डोळे मिटले. तीन दिवसांनी ते गेले.

दफनाचे कपडे काढायला मी बाबांच्या कपाटाचा खण उघडला. मोज्यांच्या मागं रुमालात काहीतरी गुंडाळलेलं होतं. बोटाएवढी दोन शिंगं आणि दोन गंजके खिळे.

चर्चच्या तळघरात लोक कॉफी पीत होते. मी रॉईसला कोपऱ्यात घेतलं आणि रुमाल दाखवला.

"हां, ते," तो म्हणाला. "ऑगस्टमध्ये मीच नेलं होतं त्यांना वर. खोपीपर्यंत ट्रकनं, पुढं काठी टेकत गेले. पक्कड मागितली. खिळे उपटले, चाकूनं नावही खरवडलं. अर्धा तास लागला त्यांना, मला हात लावू दिला नाही."

"आणि तू हे आर्लनला सांगितलं नाहीस? वर दाराची आठवण करून देत होतास?"

"कुणाला बोलू नकोस म्हणाले होते. आणि गंमत केली गं मी. गंमत कळत नाही का त्याला?"

त्याच्या हातातला कॉफीचा कप मी खाली पाडला. बायका बघत राहिल्या, बघू देत.

आर्लन बाहेर गाडीपाशी एकटाच उभा होता. मी रुमाल त्याच्या हातावर ठेवला. त्यानं उलगडला.

"ही तर दारावर होती."

"ऑगस्टपासून नव्हती. त्यांनीच काढली. नावही खरवडलं."

त्यानं एक शिंग उचललं, अंगठ्यानं त्याचं टोक चाचपलं. मग माझ्याकडं न बघताच विचारलं, "म्हणजे त्या दिवशी, व्हिडिओ बघून, मऊ असेल म्हणाले ते..."

"खरंच म्हणाले रे," मी म्हटलं. "भूक लागली होती त्यांना."