ओला रुमाल

समोरच्या इमारतीत ग्रॅनाइट कापायचं काम चाललंय. कापणाऱ्या माणसाने सकाळी नळाखाली रुमाल भिजवला, पिळला आणि नाकावर बांधला. एवढंच बघितलं आणि हातातला चहा तसाच निवून गेला.

गणपतही असाच बांधायचा. आमच्या कारखान्यात तो लोखंडी टाक्यांचा गंज वाळूच्या फवाऱ्याने उडवायचा. मी त्याचा सुपरवायझर. नळीतून स्वच्छ हवा देणारा टोप आमच्याकडे होता, पण वाळूने त्याची काच पांढरी पडते म्हणून मी तो कपाटात ठेवायचो. तपासणीला कोणी आलं की गणपतला घालायला द्यायचो, ते गेले की पुसून परत कपाटात. वस्तू जपणारा माणूस म्हणून माझं नाव होतं.

ओल्या रुमालातून वाळू आत जात नाही, असं आम्ही सगळेच म्हणायचो. दिसणारी वाळू खरंच रुमालावर अडायची. न दिसणारीचं काय, हे मला कुणाला विचारावंसंच वाटलं नाही.

गेल्या वर्षी त्याला भेटायला गेलो. कॉटवर बसून, एकेका शब्दाला धाप लागून थांबत त्याने विचारलं, "साहेब, टोपाची काच... अजून चांगली आहे का हो?" त्यात टोमणा नव्हता. असता तर मला सोपं गेलं असतं.

खाली जाऊन त्या माणसाला सांगावं, असं आज फार वाटलं. तेवढ्यात मशीन सुरू झालं, आणि धूळ घरात यायला नको म्हणून मी खिडकी लावून घेतली.