सगळ्या आल्या का?

"सगल्या आल्या का रं?" कशेळीच्या गोदामाचं शटर ओढण्याआधी काका रोज हात वर करून विचारायचे. माल पोचवायला गेलेल्या गाड्यांपैकी एखादा टेम्पो ट्रॅफिकमध्ये अडकला, तर तो येईपर्यंत ते घरी जायचे नाहीत. मालक गेले तरी हे फाटकात उभे.

काका आमचे सुपरवायझर, जवळच्याच कोन गावचे. लढाऊ विमानांच्या देखभालीत उमेदीची वर्षं घालवून निवृत्त झालेले. कुणी फौजी म्हटलं की लगेच सुधारायचे, "फौजी न्हाय, एअरफोर्स!"

तेव्हा पेपरात सारखं यायचं: जुनी लढाऊ विमानं मोडीत निघतायत, नव्यांचा पत्ता नाही, स्क्वाड्रन बंद होतायत. टपरीवर आमचा वाद रंगे. एकदा मी विचारलं, "काका, विमानं कमी करून चालेल का?"

"न्हाय चालनार. पन जुनी उतरवाच." चहा तसाच ठेवून ते बोलू लागले. एका तरुण वैमानिकाला त्यांनी सीटवर बसवलं, पट्टे आवळले, सॅल्यूट केला. विमान परत आलंच नाही. चौकशीत इंजिनाचा दोष निघाला.

"म्हणजे तुमची चूक नव्हती," मी म्हणालो.

"न्हवती. त्याचाच तरास हाय. माफी तरी कशाची मागू?"

पुढे त्यांचीच स्क्वाड्रन बंद झाली. निरोपाला जुन्या लोकांना बोलावलं होतं. परत आल्यावर म्हणाले, "शेवटचं इमान उतरलं, सगल्यांनी टाल्या वाजवल्या. माजी नजर धावपट्टीवरनं हटंना. वाटलं, अजून एक यायचंय."

येताना ते वाट वाकडी करून साताऱ्याकडे, त्या वैमानिकाच्या आईच्या घरी गेले होते. इतक्या वर्षांत पहिल्यांदाच. बाईंनी जेवायला वाढलं आणि विचारलं, "शेवटचं तुम्हीच पाहिलंत ना? कसा दिसत होता?"

"मी सांगितलं, हसत व्हता." काका माझ्याकडे न बघता म्हणाले, "मास्क व्हता रं तोंडावर. मला कुटं काय दिसलं!"

त्या पावसाळ्यात काका झोपेतच गेले. दिवसकार्याला मी कोनला गेलो. काकी ओटीवर तांदूळ निवडत होत्या. शेजारी एक अनोळखी म्हातारी बाई त्याच सुपात हात घालून बसली होती.

"साताऱ्याकडनं आल्यात," काकी म्हणाल्या. "एकट्या, यष्टीनं."

दोघी पुन्हा खडे वेचू लागल्या.