फाइव्ह नाईन मिळाला, तरी जळून राहिलो

मंडळी, आज मी शिवराजवर लई जळून राहिलो.

हॅम रेडिओवर समोरचा आपल्या सिग्नलला मार्क देतो. आवाजाच्या स्पष्टतेला पाचपैकी, जोराला नऊपैकी. सकाळी मी अहमदपूरहून आणि माझा दोस्त शिवराज नायगावहून, दोघंही उदगीरच्या मामांशी बोललो. मामा आमच्या हॅमवाल्यांतले सगळ्यात जुने.

मला म्हणाले, "फाइव्ह नाईन, लई भारी!" संपलं.

शिवराजला म्हणाले, "थ्री फोर. आवाज घोगरा येऊन राहिला बाबा. दुष्काळानं जमीन सुकली असंल, अर्थिंगच्या खड्ड्यात पाणी टाक. धुण्याचं टाकलं तरी चालतंय. मी थांबतो."

आणि खरंच थांबले! त्यानं पाणी टाकलं, मामांनी परत ऐकलं. "हाव, आता फोर सिक्स."

मी आपले फुल मार्क घेऊन ऐकत बसलो.

मग गच्चीवर गेलो, तर वानरांनी माझ्या अँटेनाची अर्धी तार कालच खाली पाडलेली. म्हणजे सकाळी माझा आवाजबी घोगराच गेला असणार!

बायकोला सांगितलं. ती म्हणाली, "तुम्हाला कमी सांगितलं की तोंड फुगतंय. मग कोण कशाला खरं सांगंल?"

तेव्हा ह्या पोस्टखाली 'मस्त' लिहू नका. खरं सांगा, तुम्हीपण मला फाइव्ह नाईनच देऊन राहिलात का?