भाकरीचे कडक तुकडे

परवा नात ओव्हनमध्ये ज्वारीच्या चिप्स भाजत होती. खरपूस वास स्वयंपाकघरभर पसरला आणि मी पांढरकवड्याजवळच्या आमच्या घरात, चुलीपुढं जाऊन बसले. साल एकोणीसशे साठच्या आसपासचं. मी नऊ वर्षांची.

माझी मोठी बहीण, शांताताई, दिवाळीला माहेरी आली होती. त्या दिवशी तिला सासरी परतायचं होतं. वाटेत खायला म्हणून ती शिळ्या भाकरीचे तुकडे तेल-तिखट लावून तव्यावर कडक करत होती. मोडलेले मला देत होती. मी ते दह्यात कालवलेल्या जवसाच्या चटणीत बुडवून खात होते.

"सुमे, तू सांग ना बाबाले," ती हळूच म्हणाली. "तुह्यं ऐकतेत ते. मले नाही जायचं तिकडं."

"काहून?"

तिनं बाही वर केली. दंडावर काळेनिळे वळ होते. मी ते पाहिले आणि पुढचा तुकडा चटणीत बुडवला.

तेवढ्यात बाबा दारात आले. "बैल जुपले. आटपलं का वं?"

ताईनं माझ्याकडं पाहिलं. मी मान खाली घालून चावत राहिले. तिनं तुकडे फडक्यात बांधले आणि ती बैलगाडीत जाऊन बसली. मला रडूसुद्धा आलं नाही.

ताईला पुढं चार मुलं झाली. ती म्हातारी झाली, गेल्या वर्षी वारली. त्या दिवसाचा विषय आम्ही दोघींनी कधीच काढला नाही. बाबा खरंच माझं ऐकायचे. हे मला तेव्हाही ठाऊक होतं.