ओढ्याकाठची पांढरी फुलं

झेंटाकाकूंच्या तोंडाला सगळं गाव टरकून असायचं. लीगोच्या सणाला, म्हणजे ऐन उन्हाळ्यातल्या सर्वांत लहान रात्री, जाळ पेटवून दारोदार टोमण्यांची गाणी म्हणायची रीत, आणि काकूंचं गाणं ज्याच्यावर बेतलं त्याची वर्षभर सुटका नसे. लातवियाच्या राजधानीतून, रीगाहून सून म्हणून आलेल्या इंगुनाने त्यांच्यापासून चार हात लांबच राहायचं ठरवलं होतं.

पहिल्याच लीगोला सासूबाईंनी तिला फाटकाला बांधायला रानफुलं आणायला धाडलं. आपलं तोरण उठून दिसावं म्हणून तिने ओढ्याकाठची, डोक्याहून उंच वाढलेली, छत्रीएवढी पांढरी फुलं कापली आणि उघड्या हातांनी कवेत घेऊन भर उन्हात निघाली. ते लातवानिस नावाचं तण! सामुदायिक शेतीच्या काळात गुरांसाठी पेरलं आणि मग गावाच्या मानगुटीवरच बसलं. त्याचा रस लागून वर ऊन पडलं की कातडी भाजून निघते, हे त्या बिचारीला शहरात कोण सांगणार?

पलीकडे मेंढ्या चारणाऱ्या काकूंनी ते पाहिलं. बुटांसकट ओढ्यातून धावत आल्या, फुलं टाकायला लावली, अंगातला कोट तिच्या हातांवर घातला आणि तिला आपल्या बिनखिडकीच्या न्हाणीघरात नेलं. साबण, गार पाणी, पुन्हा साबण.

"परवापर्यंत ऊन बघायचं नाही," काकू म्हणाल्या.

"पण काकू, सण?"

"सण पुढच्या वर्षी परत येतो. कातडी येत नाही, बाई."

त्यांनी बाही वर सारली. कोपरापर्यंत जुने तपकिरी चट्टे होते. "आमच्यावर कुणी कोट टाकला नव्हता."

मग जन्मात एकही लीगो न चुकवलेली ती बाई सणाचं चीज आणि बिअर घेऊन अंधारात तिच्याशेजारी बसली. मंडळी बोलवायला आली, तर आतूनच खणखणीत आवाजात गायली:

"शहरची सून शहाणी, लीगो, लीगो,
विषाचं तोरण आणी, लीगो!"

बाहेर हशा पिकला. इंगुनाही रडता रडता हसली. टोमणा मिळाला म्हणजे आपण गावचे झालो, हे तिला तिथे कळलं.

हात वाचले. कोट पोचला नव्हता तिथे, डाव्या मनगटावर, बोराएवढा डाग तेवढा राहिला. तो ती कधीच झाकत नाही.

यंदा काकूंना सणाच्या जाळापर्यंत चालवेना. इंगुना चीज घेऊन त्यांच्या दाराशी उभी राहिली आणि स्वतःवरचं ते गाणं स्वतःच म्हणाली.

"सूर अजून शहरातलाच आहे," काकू म्हणाल्या आणि बाकावर सरकून जागा केली.

गावचा जाळ त्या दोघींशिवायच पेटला.